बाळाची गोटी खाली उतरली नाही : किती थांबायचं आणि ऑपरेशन कधी करायचं?

कोयनाकाठ | ७ जानेवारी, रात्री १०:५२

हा धागा काढू की नको, यात दोन महिने गेले. घरच्यांचं म्हणणं, मुलाची असली गोष्ट चार लोकांत कशाला सांगायची. पण आमचे कितीतरी महिने केवळ कुणी नीट सांगितलं नाही म्हणून वाया गेले, आणि हे मला राहून राहून टोचतं. त्यामुळे बाळाचं नाव, दवाखाना काहीही न देता लिहिते आहे.

आमचा मुलगा छत्तिसाव्या आठवड्यात झाला. वजन २ किलो ३०० ग्रॅम. डिस्चार्ज कार्डावर खाली कोपऱ्यात 'आरटी यूडीटी' (उजवी गोटी, म्हणजे वृषण, खालच्या पिशवीत न उतरलेली) असं खरडलेलं होतं. कावीळ, दूध नीट ओढत नाही, या सगळ्या गडबडीत त्याचा अर्थ मी विचारला नाही आणि मला कुणी सांगितलाही नाही. पहिल्यांदा लक्षात आलं ते बाळाला न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशींच्या. तेल लावता लावता त्या थांबल्या, दोन बोटांनी चाचपलं आणि म्हणाल्या, "ताई, उजवीकडची पिशवी रिकामी लागतीय बघा. गोटी हाय का नाय?" मी हात लावून बघितला. डावीकडे मटारच्या दाण्यासारखी गोटी बोटाखाली सरकत होती. उजवीकडची कातडी नुसती चपटी, तिला सुरकुत्यासुद्धा नव्हत्या.

जवळच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, "उतरेल आपोआप, चार-पाच वर्षांपर्यंत वाट बघायची असते." सासूबाईंनीही तेच सांगितलं, माझ्या धाकट्या दिरांची म्हणे शाळेत जायच्या वयात उतरली होती. मनाचं समाधान होईना म्हणून आम्ही सोनोग्राफी केली. तिच्यात लिहून आलं, 'जांघेत दिसते'. महिन्याने दुसरीकडे केली, तिथे 'दिसत नाही'. त्या दुसऱ्या कागदाने माझी झोप उडवली. नाहीच आहे की काय, की पोटात कुठे अडकली आहे?

नवव्या महिन्याच्या गोवराच्या लशीसाठी योगायोगाने दुसऱ्या बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. लस देण्याआधी त्यांनी बाळाचा लंगोट सोडायला सांगितला. स्वतःचे हात चोळून गरम केले. मग एका हाताची बोटं कमरेच्या हाडाजवळून जांघेच्या दिशेने हळूहळू सरकवत आणली आणि दुसरा हात खाली पिशवीपाशी धरून ठेवला. "ही बघा," म्हणाले आणि माझं बोट धरून त्या जागेवर ठेवलं. जांघेत, कातडीखाली, ती होती. दोन सोनोग्राफ्यांनी जे नक्की सांगितलं नाही ते त्यांच्या बोटांनी अर्ध्या मिनिटात सांगितलं.

त्यांनी जे समजावलं ते असं : गोटी आपोआप उतरायची तर बहुतेक पहिल्या सहा महिन्यांतच उतरते. बाळ आधी जन्मलेलं असेल तर हे सहा महिने जन्मतारखेपासून नाही, बाळंतपणाच्या ठरलेल्या तारखेपासून मोजायचे. आमचं बाळ चार आठवडे आधी झालं, म्हणजे साधारण सातव्या महिन्यापर्यंत थांबणं बरोबर होतं. त्यानंतर थांबण्यात काही अर्थ नव्हता. त्यांनी बालशल्यचिकित्सकांकडे चिठ्ठी दिली आणि अकरा महिने पूर्ण झाल्यावर ऑपरेशन झालं.

ऑपरेशनच्या दिवसाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण मला तेव्हा हेच कुठे वाचायला मिळत नव्हतं. आठची वेळ होती. भुलीच्या डॉक्टरांनी वेळा लिहून दिल्या होत्या : वरचं खाणं आणि वरचं दूध रात्री दोननंतर बंद, अंगावरचं दूध पहाटे चारपर्यंत, साधं पाणी सहापर्यंत. सहा ते आठ हे दोन तास सगळ्यात कठीण गेले. बाळ माझ्याकडे झेप घेई आणि मला पाजता येईना. शेवटी मी दुसऱ्या खोलीत गेले आणि हे त्याला खांद्यावर घेऊन व्हरांड्यात फेऱ्या मारत राहिले. आठ वाजून दहा मिनिटांनी आत नेलं, सव्वानऊला बाहेर आणलं. झोपवल्यानंतर माकडहाडाजवळ एक इंजेक्शन देतात, त्याने कमरेखालचा भाग काही तास बधिर राहतो. त्यामुळे जागा झाल्यावर तो रडला तो भुकेने. संध्याकाळी घरी आलो.

दोन चिरे आहेत. एक जांघेच्या वळीत, माझ्या बोटाच्या दोन पेरांएवढा. दुसरा पिशवीवर, अगदी छोटा. टाके आतले आणि विरघळणारे. तिसऱ्या दिवशी पिशवी सुजून निळसर-काळी पडली तेव्हा मी घाबरून फोन केला. हे होतं, आठवडाभरात उतरतं, असं सांगितलं आणि तसंच झालं.

एक सूचना मला फार महत्त्वाची वाटली. पंधरा दिवस बाळाला कडेवर घ्यायचं नाही. आपण बाळाचे पाय फाकवून कमरेवर बसवतो, नेमका त्याच जागी दाब येतो. वॉकर, घसरगाडी, तीनचाकी तेही बंद. आडवं नाहीतर खांद्यावर घ्यायचं. घरात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला हे सांगावं लागतं, कारण आल्या आल्या बाळ उचलून कडेवर घेणं हा सगळ्यांच्या हाताचा सवयीचा भाग आहे.

कुणी यातून गेलं असेल तर लिहा. कुणी डॉक्टर असतील तर माझं काही चुकलं असेल ते दुरुस्त करा.

सह्यवारा | ७ जानेवारी, रात्री ११:३०

ताई, लिहिलंत ते फार बरं केलंत. बाळ आता मजेत असेल अशी आशा.

माझा मुलगा तीन वर्षांचा. त्याची डावी गोटी कधी खाली असते, कधी गायब. गरम पाण्याने आंघोळ घालताना दोन्ही व्यवस्थित लोंबतात, कपडे घालेपर्यंत डावी वर. थंडीत तर दिवसदिवस दिसत नाही. हे तेच का? आम्हालाही ऑपरेशन करावं लागेल का?

बालशल्य | ८ जानेवारी, सकाळी ६:१५

मी सरकारी रुग्णालयात बालशल्यचिकित्सक आहे. कोयनाकाठ, तुमच्या लिखाणात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. थोडी भर घालतो.

बोलताना आपण 'अंडकोष' हा शब्द दोन्हीसाठी वापरतो आणि गोंधळ होतो. पिशवी म्हणजे वृषणकोष, आतली गोटी म्हणजे वृषण. गर्भात वृषण तयार होतात ते पोटात, मूत्रपिंडांच्या जवळ. तिथून ते खाली येतात, जांघेतल्या बोगद्यातून बाहेर पडतात आणि शेवटच्या दोन-तीन महिन्यांत पिशवीत पोहोचतात. त्यांना वाट दाखवणारा एक पट्टा असतो. अठराव्या शतकात लंडनच्या जॉन हंटर यांनी त्याचं वर्णन केलं आणि सुकाणू या अर्थाचं लॅटिन नाव त्याला दिलं. प्रवासाचा शेवटचा टप्पा जन्माच्या जवळ असल्यामुळे लवकर जन्मलेल्या आणि कमी वजनाच्या बाळांमध्ये वृषण वाटेतच राहण्याचं प्रमाण जास्त. पूर्ण दिवसांच्या मुलांमध्ये शंभरात दोन ते चार, दिवस पुरे न भरलेल्यांमध्ये शंभरात तीसपर्यंत. यातल्या बऱ्याच जणांचे पहिल्या काही महिन्यांत उतरतात आणि वर्षाच्या आसपास शंभरात एक उरतो.

सह्यवारा, तुमच्या वर्णनावरून हा वर खेचला जाणारा वृषण वाटतो, पण ते तपासल्याशिवाय कुणी ठरवू नये. मांडीच्या आतल्या बाजूला हात लागला, थंडी वाजली, मूल घाबरलं की एक स्नायू वृषणाला वर ओढतो. साधारण दोन वर्षांपासून शाळेच्या वयापर्यंत हे फार जोरात असतं. फरक असा ओळखतात : मुलाला मांडी घालून बसवायचं, हात गरम करायचे, वृषण हळूच पिशवीत आणायचा आणि काही क्षण धरून स्नायू थकू द्यायचा. सोडल्यावर तिथेच राहिला तर तो खेचला जाणारा. त्याला ऑपरेशन लागत नाही. सोडताक्षणी रबरासारखा वर गेला, किंवा पिशवीपर्यंत येतच नसेल, तर तो न उतरलेला.

पण "ऑपरेशन नको" म्हणजे "पुन्हा दाखवायला नको" असं नव्हे. असे काही वृषण मूल उंच होत जातं तसे खरोखर वरच अडकून बसतात. म्हणून वर्षातून एकदा, वयात येईपर्यंत, तपासणी हवी. कोयनाकाठ यांच्या दिरांची गोटी 'शाळेच्या वयात उतरली', ती बहुधा अशी खेचली जाणारीच असणार. घराघरांत सांगितल्या जाणाऱ्या अशा गोष्टींवरूनच थांबण्याचा सल्ला दिला जातो.

सोनोग्राफीबद्दल : वृषण आहे की नाही हे ठरवण्यासाठी तिचा भरवसा धरता येत नाही. पोटातला वृषण तिला बऱ्याचदा दिसत नाही आणि जांघेतली एखादी गाठ वृषण म्हणून लिहिली जाते. अमेरिकन युरॉलॉजी संघटनेची २०१४ ची मार्गदर्शक तत्त्वं तर शल्यचिकित्सकाकडे पाठवण्याआधी ती करूच नये असं म्हणतात. अपवाद आहेत, पण ते आम्ही ठरवतो. हार्मोनच्या इंजेक्शनांचंही तसंच. थोड्याच मुलांत उपयोग होतो आणि उतरलेला वृषण पुन्हा वर जाऊ शकतो, म्हणून ती आता सुचवली जात नाहीत.

चौकटीबाहेरचं_आकाश | ८ जानेवारी, सकाळी ९:०५

डॉक्टर, घाई नेमकी कशासाठी? दुखत नाही, खुपत नाही. मूल जरा मोठं झाल्यावर भूल द्यायला सोपं नाही का जाणार? माझ्या बहिणीच्या मुलाचं असंच आहे, दहा महिन्यांचा आहे आणि तिचे सासरे एवढ्या लहान बाळाला भूल द्यायला अजिबात तयार नाहीत.

बालशल्य | ८ जानेवारी, दुपारी २:४०

प्रश्न योग्य आहे, आणि सासऱ्यांची भीतीही खोटी नाही.

पिशवीतलं तापमान पोटापेक्षा दोन ते चार अंशांनी कमी असतं आणि वृषणाला तेच मानवतं. पुढे ज्यांच्यापासून शुक्रजंतू बनणार त्या पेशी जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांतच पुढच्या अवस्थेत जातात. वृषण वर उष्णतेत राहिला की हा बदल अडतो, आणि वर्ष-दीड वर्षानंतर त्या पेशींची संख्या घटत जाते. हे नुकसान दुखत नाही, दिसत नाही, म्हणूनच टाळलं जातं. त्यामुळे सहाव्या महिन्याला वृषण खाली नसेल तर बालशल्यचिकित्सकांना दाखवायचं, आणि ऑपरेशन सहा ते बारा महिन्यांच्या दरम्यान, फार तर अठरा महिन्यांपर्यंत करून घ्यायचं.

याशिवाय बहुतेक बाळांमध्ये वृषणासोबत हर्नियाची पिशवीही उघडी असते. तिच्यात आतडं अडकू शकतं. वर राहिलेल्या वृषणाला पीळही पडू शकतो. अशा बाळाच्या जांघेत अचानक फुगवटा आला, ते कळवळून रडू लागलं, उलट्या झाल्या तर सकाळची वाट बघू नका, लगेच निघा.

भुलीबद्दल एक चांगला अभ्यास आहे. जांघेतल्या हर्नियाचं ऑपरेशन लागलेली ७२२ तान्ही बाळं घेतली. काहींना पूर्ण भूल दिली, काहींना जागं ठेवून फक्त कमरेखालचा भाग बधिर केला. ही मुलं पाच वर्षांची झाल्यावर त्यांची बुद्धी तपासली तेव्हा दोन्ही गटांत फरक आढळला नाही. हे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. भूल सरासरी तासाभरापेक्षा थोडी कमी वेळ होती, म्हणजे आपण बोलतोय त्या ऑपरेशनला लागते साधारण तेवढीच. बहिणीला सांगा की लहान बाळांना भूल देण्याची सवय असलेले भूलतज्ज्ञ जिथे आहेत तिथेच ऑपरेशन करा. सासऱ्यांना घेऊन एकदा त्या भूलतज्ज्ञांना भेटा. माझ्या अनुभवात आजोबा ऐकतात, समोर बसून सांगणारं कुणी हवं असतं.

पिंपळपार | ८ जानेवारी, रात्री १०:१०

आमचं प्रकरण याहून अवघड होतं म्हणून लिहितेय. आमच्या मुलाची डावी गोटी हाताला लागतच नव्हती. मला सांगितलं गेलं की गोटी न उतरलेल्या शंभरातल्या वीसेक मुलांची अशी असते. आधी भूल देऊन पुन्हा हाताने तपासतात, कारण बाळ सैल पडलं की कधीकधी तेव्हा लागते. नाही लागली तर बेंबीतून दुर्बीण घालून बघतात.

आत काय सापडेल ते आधी सांगता येत नाही, आणि संमतीच्या कागदावर सगळ्या शक्यता लिहिलेल्या होत्या. कदाचित गोटी नसेलच, रक्तवाहिन्या मध्येच संपलेल्या दिसतील. कदाचित सुकून गेलेला तुकडा असेल, तो काढावा लागेल. कदाचित पोटात चांगली असेल. सही करताना माझा हात थरथरत होता. पाऊण तासाने डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "आहे, पण खूप वर आहे."

मग दोन टप्प्यांत झालं. गोटीला रक्त देणारी मुख्य नळी आखूड होती, ती तशीच ठेवली असती तर खाली पोहोचलीच नसती. पहिल्या वेळी ती नळी बंद केली आणि गोटी तिथेच ठेवली. शुक्रनलिकेबरोबर एक बारीक वाहिनी येते, तिच्यावर गोटीने जगायला शिकायचं, त्यासाठी सहा महिने द्यायचे. दुसऱ्या वेळी खाली आणून बसवली. मेलबर्नच्या फाउलर आणि स्टीफन्स यांनी १९५९ मध्ये ही वाट दाखवली, म्हणून त्यांच्या नावानेच ओळखतात. ते मधले सहा महिने... मुलगा हसतोय, खेळतोय आणि आत काय चाललंय ते कुणालाच दिसत नाही.

दुसऱ्या ऑपरेशनला दोन वर्षं होतील. गोटी खाली आहे, उजवीपेक्षा लहान आहे. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की पोटातून आणलेली प्रत्येक गोटी तगतेच असं नाही. आमची तगली.

माळरान | ९ जानेवारी, रात्री १२:२०

हे मी आजवर बायकोशिवाय कुणाला सांगितलेलं नाही.

माझं ऑपरेशन चौदाव्या वर्षी झालं. आईला लहानपणापासून ठाऊक होतं, वडील म्हणायचे वयात आल्यावर उतरेल. शाळेत असताना नदीवर पोहायला सगळे जायचे, मी काठावर कपडे सांभाळत बसायचो. कबड्डीत निवड झाली तेव्हा पायाचं कारण सांगून घरी राहिलो. शेवटी जांघेत दुखायला लागलं म्हणून मामाने जबरदस्तीने तालुक्याला नेलं. गोटी खाली आणली, पण ती छोटीच राहिली.

लग्न ठरताना मी होणाऱ्या बायकोला स्वतः सांगितलं. ती म्हणाली, आधी तपासून घेऊ. तपासणीत शुक्रजंतू कमी होते, पण होते. लग्नानंतर तीन वर्षांनी मुलगी झाली. आता ती सहावीत आहे.

डॉक्टर, अशा गोटीत पुढे कॅन्सर होतो असं वाचलंय. मला किती घाबरायला हवं?

बालशल्य | ९ जानेवारी, सकाळी ७:३०

माळरान, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. कपडे सांभाळत काठावर बसलेला मुलगा मी माझ्या बाह्यरुग्ण विभागात अनेकदा बघितला आहे. तो दहा-बारा वर्षांचा असतो आणि आई बोलत असताना खाली मान घालून उभा असतो.

धोका सर्वसामान्यांपेक्षा जास्त असतो हे खरं. तो कितपत, हे स्वीडनमधल्या एका मोठ्या अभ्यासावरून कळतं, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या. १९६४ ते १९९९ या काळात ऑपरेशन झालेले १६,९८३ पुरुष त्यात होते. तेराव्या वर्षाआधी ऑपरेशन झालेल्यांना वृषणाच्या कॅन्सरचा धोका इतर पुरुषांच्या साधारण सव्वादोन पट होता. तेरा किंवा त्यापुढे झालेल्यांना साडेपाच पटीच्या जवळ. पण दुसरा आकडाही लक्षात ठेवा : त्या जवळपास सतरा हजारांत कॅन्सर झाला छप्पन्न जणांना. मुळात हा कॅन्सर विरळा, आणि लवकर सापडला तर बरा होणाऱ्यांपैकी.

तेव्हा घाबरू नका, पण महिन्यातून एकदा गरम पाण्याच्या आंघोळीनंतर दोन्ही वृषण बोटांत हळूच फिरवून बघा. कठीण खडा, न दुखणारी वाढ, जडपणा वाटला तर लगेच दाखवा. गोटी खाली आणल्याचा मोठा फायदा हाच की ती हाताशी येते, पोटात असती तर कुणाला कळलं नसतं. ऑपरेशन झालेल्या मुलांच्या आईवडिलांनी मुलगा पंधरा-सोळाचा झाला की त्याला हे शिकवावं, आणि मुळात ऑपरेशन झालं होतं हे सांगावं. कित्येकांना स्वतःच्या जांघेतला व्रण कशाचा हेच माहीत नसतं.

अपत्याबद्दल : एकाच बाजूचा वृषण वर राहिलेल्या पुरुषांमध्ये वडील होण्याचं प्रमाण सर्वसामान्यांच्या जवळपास, नव्वद टक्क्यांच्या आसपास आढळलं आहे. दोन्ही बाजूंचे असतील तर ते पासष्ट टक्क्यांपर्यंत खाली येतं. दोन्ही बाजू रिकाम्या असतील तर म्हणूनच एक महिनाही दवडू नये.

टेम्सकाठी | ९ जानेवारी, दुपारी ४:०५

इकडे इंग्लंडमध्ये माझ्या दोन्ही मुलांची जन्मल्यापासून ७२ तासांच्या आत आणि पुन्हा सहा ते आठ आठवड्यांना ठरलेली तपासणी झाली. डोळे, हृदय, कमरेचे सांधे आणि मुलगा असेल तर वृषण. धाकट्याचा एक वर होता, तो दुसऱ्या तपासणीपर्यंत उतरला. दोन्ही नसतील तर मात्र चोवीस तासांत वरिष्ठ डॉक्टरांनी बघायचं असा नियम आहे. एवढी घाई कशासाठी हे मला तेव्हा कळलं नव्हतं. बालशल्य, सांगाल का?

बालशल्य | ९ जानेवारी, रात्री ९:५०

नवजात बाळाचे दोन्ही वृषण हाताला लागत नसतील तर क्वचित असं असतं की ते बाळ मुळात मुलगी आहे आणि अधिवृक्क, म्हणजे मूत्रपिंडांवरच्या, ग्रंथींच्या जन्मजात दोषामुळे बाहेरून मुलासारखं दिसतं आहे. या दोषात पहिल्या दोन-तीन आठवड्यांत अंगातलं मीठ झपाट्याने कमी होऊन बाळ दगावू शकतं. म्हणून अशा बाळाच्या रक्तातले क्षार, हार्मोन आणि गुणसूत्रं लगेच तपासायची असतात. लघवीचं छिद्र टोकाला नसून खाली असेल आणि सोबत वृषणही लागत नसेल तरी हीच तपासणी. इथे सहा महिने थांबायचा नियम लागू नाही.

ओटीभर | १० जानेवारी, सकाळी ११:२५

मी अंगणवाडी सेविका आहे. आमच्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा येतं. २०१३ मध्ये हा कार्यक्रम आपल्या पालघरलाच सुरू झाला होता. पथकात पुरुष आणि महिला डॉक्टर दोघंही असतात. अडचण तपासणीची नाही, चड्डी काढण्याची आहे. ओळीत उभं केलेलं पोर चड्डी घट्ट धरून ठेवतं आणि बाहेर उभी आई म्हणते, "तेवढं राहू द्या." मी आता पडद्याची खोली आधी तयार ठेवते, आईला आत घेते, पोराला तिच्या मांडीवर मांडी घालून बसवते. एवढ्यानेच फरक पडला. गेल्या खेपेला एक चार वर्षांचा मुलगा सापडला, जिल्हा रुग्णालयात ऑपरेशन झालं.

पैशासाठी कुणी अडलं असेल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा आणि महात्मा फुले योजनेत बसतं का विचारा. रेशनकार्ड, आधार, बाळाचा जन्मदाखला बरोबर ठेवा. आईच्या माहेरी जन्मलेल्या बाळाचा दाखला पुष्कळदा माहेरीच राहिलेला असतो, तो आधी मागवून घ्या.

पाऊलवाट | १० जानेवारी, रात्री ११:००

आज सकाळी हा धागा वाचला आणि अंगावर काटा आला. मुलगा अडीच वर्षांचा आहे. बायकोला आधीपासून शंका होती, मीच म्हणत होतो की मुलग्यांचं असंच असतं. आज आंघोळ घालताना नीट बघितलं. उजवी बाजू रिकामी. गरम पाण्यातही रिकामी. आता उशीर झाला का?

बालशल्य | ११ जानेवारी, सकाळी ६:४०

ठरलेली वेळ उलटली आहे, पण करण्यासारखं अजून भरपूर आहे. अडीच आणि पाच यांत फरक आहे, पाच आणि चौदा यांत त्याहून मोठा. या आठवड्यात दाखवा. सोनोग्राफी करून येऊ नका, मुलाला घेऊन या. हाताला लागणाऱ्या वृषणाचं ऑपरेशन शंभरातल्या पंच्याण्णवांहून अधिक मुलांत नीट बसतं.

ऑपरेशनात आम्ही काय करतो तेही सांगतो, म्हणजे मनात चित्र राहील. वृषण एका दोरीला लोंबतो. त्या दोरीत रक्तवाहिन्या आणि शुक्रनलिका असते. तिला हर्नियाची पातळ पिशवी चिकटलेली असते, ओल्या टिश्यू पेपरसारखी. ती फाटू न देता सोडवणं हेच यातलं सगळ्यात नाजूक काम. पिशवी वरती बांधली की दोरी मोकळी होते आणि लांबी मिळते. मग वृषणकोषाच्या कातडीखाली एक छोटा खिसा करून त्यात वृषण ताण न देता ठेवतो. ताण राहिला तर तो पुन्हा वर सरकतो किंवा रक्तपुरवठा कमी होऊन सुकतो. एडिंबरामध्ये टॉमस अ‍ॅनन्डेल यांनी १८७७ मध्ये वृषण असा खाली आणून बसवला होता. तंत्र तेव्हापासून खूप बदललं, पण ताण पडू द्यायचा नाही, हे आजही आम्ही नव्या डॉक्टरांना पहिल्या दिवशी सांगतो.

पाऊलवाट | १८ जानेवारी, संध्याकाळी ७:१५

दाखवून आलो. जांघेत आहे, हाताला लागते. पुढच्या गुरुवारी सकाळची पहिली वेळ मिळाली. बायकोला मी सॉरी म्हणालो, ती काही बोलली नाही, फक्त फाइल व्यवस्थित लावत बसली. कोयनाकाठ ताई, बरोबर काय काय न्यायचं?

कोयनाकाठ | १८ जानेवारी, रात्री ८:३०

दादा, जुन्या मऊ सुती साडीची दोन दुपटी न्या. चड्डी घट्ट नको, अडीच वर्षांचा आहे तर सैल झबलं किंवा तुमचा जुना बनियन घाला, गुडघ्यापर्यंत येतो आणि चिऱ्याला घासत नाही. घरून निघताना त्याच्यासमोर कुणी काही खाऊ नका, तुम्ही दोघांनीही नाही. जागा झाल्यावर लगेच पोटभर दूध देऊ नका. आधी दोन चमचे पाणी, मग थोडं थोडं. आम्ही भुकेच्या दयेने एकदम पाजलं आणि दोन उलट्या झाल्या.

घरी तीनचाकी असेल तर आजच माळ्यावर ठेवा, त्याला दिसणार नाही अशी. आणि त्या दिवशी आत नेताना बायकोला त्याच्याबरोबर जाऊ द्या, भूल लागेपर्यंत आईला आत थांबू देतात का ते आधीच विचारून ठेवा. आम्हाला थांबू दिलं होतं. त्याने माझं बोट धरलं होतं, आणि ती पकड सैल झाली तेव्हा मला कळलं की तो झोपला.